एका अंगणात चार वह्या

खानदेशातलं कुठलंही गाव घ्या, हायवेपासून आत दहा-पंधरा किलोमीटर, एसटी दिवसातनं दोनदा येते असं. तिथं वर्षभरात वह्या घेऊन किती प्रकारची पोरं येऊन जातात ते त्या गावाच्या आशाताईला विचारा. पावसाळ्यात कृषी कॉलेजचे कृषिदूत आणि कृषिकन्या येतात, त्यांचं ते 'रावे' असतं, गावात राहायचं, शेतकऱ्याला बीजप्रक्रिया करून दाखवायची, फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. मग एमबीबीएसची पोरं, कारण २०२२ पासून त्यांना पहिल्या वर्षापासूनच कुटुंबं दत्तक घ्यायची असतात, एकेकाला तीन ते पाच. मग आमच्या नर्सिंगच्या पोरी, कम्युनिटी पोस्टिंग म्हणून. एमएसडब्ल्यूवाल्यांचं, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्यांचं, फिल्डवर्क आठवड्यातनं ठरलेल्या दिवशी चालूच असतं. आणि थंडीत एनएसएसचं शिबिर, ते वेगळंच. सगळे विचारतात काय? घरात माणसं किती, संडास आहे का, पाणी कुठनं भरता, उत्पन्न किती.

एका म्हातारीनं आमच्या पोरींना दारातच अडवलं होतं, "आते आखो कोन उनं? मांगे त्या पोरी बी हाईच इचारी ग्यात." म्हणजे आता आणखी कोण आलं, मागे त्या पोरी पण हेच विचारून गेल्या. चिडलेली नव्हती, कंटाळलेली होती. तरी तिनं पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासनं सगळं सांगितलं. आपल्याकडच्या माणसांची हीच पंचाईत आहे, नाही म्हणवत नाही त्यांना.

मी कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते, धुळ्याकडे. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडं वाकडं बोलणार आहे. बरीच वर्षं हे बघतेय आणि आता माझं मत पक्कं झालंय की ही पोरं जर एकाच गावात जाणारच आहेत तर एकत्र जावीत, एकाच अंगणात, एकाच वेळी, आणि तेही शिकत असतानाच, नोकरी लागल्यावर नव्हे. नोकरी लागली की प्रत्येकाला खुर्ची मिळते आणि एकदा खुर्ची मिळाली की शेजारच्या टेबलावरच्याला काय कळतं ते विचारायची लाज वाटायला लागते. हे माझं एकटीचं शहाणपण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली याच विषयावर आख्खा आराखडा काढलाय, दोन किंवा जास्त व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात ते खरं एकत्र शिक्षण असं त्यात आहे. त्यातलं 'एकमेकांकडून' हेच सगळ्यात अवघड जातं. सोबत बसवणं सोपं आहे हो, एका हॉलमध्ये दोनशे खुर्च्या टाकल्या की झालं.

तर मागे काही जणांनी मिळून, म्हणजे ओळखीपाळखीवर, कुठलाही कागद न हलवता आम्ही एक प्रयोग केला. एमबीबीएसची पोरं, आमच्या पोरी, एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी आणि गावात आधीच मुक्कामाला असलेले कृषिदूत अशी चार-चारची टोळी करायची आणि एकेका घरी पाठवायचं. नियम एकच, ॲप्रन गाडीत ठेवायचे. पोळ्याच्या आसपासचे दिवस होते, कपाशीवर फवारण्या चालू.

एका घरात पस्तिशीचा माणूस ओसरीत खाटेवर पडलेला. आदल्या दिवशी फवारणीला गेला होता, तेव्हापासून डोकं दुखतंय, मळमळतंय, संध्याकाळी डोळ्यांना धुरकट दिसत होतं, आता जरा बरंय म्हणाला. एमबीबीएसची मुलगी दुसऱ्या वर्षाची, हुशार, तिनं लगेच नाडी बघितली, मोबाईलच्या टॉर्चनं बुब्बुळं बघितली, घाम किती आला, तोंडाला पाणी सुटत होतं का, छाती भरून येत होती का असं एकामागून एक विचारत गेली. बरोबर होतं तिचं. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा असेल तर बाहुल्या बारीक होतात, डोळ्या-नाकातनं पाणी येतं, घाम फुटतो, आणि त्यावर ॲट्रोपिन देतात हे तिला पाठ होतं. पण फवारलं काय होतं हे त्या माणसाला सांगता येईना. "ते लाल डबाचं औषध," एवढंच. दुकानदारानं दिलं, सोबत एक टॉनिक पण दिलं, दोन्ही एकाच पंपात टाकलं.

कृषीचा पोरगा तोपर्यंत गप्प उभा होता. तो गोठ्याकडे गेला आणि कुडाला खोचलेला रिकामा डबा घेऊन आला. डब्यावर एक चौकोन असतो बघा, कोपऱ्यावर उभा केलेला, पतंगासारखा. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. लाल असेल तर वरच्या भागात कवटी आणि हाडं. डब्याला चिकटलेली माती त्यानं अंगठ्यानं पुसली, चौकोन लाल निघाला, आणि शेजारी बारीक अक्षरात घटकाचं नाव आणि विषबाधा झाली तर उतारा काय तेही छापलेलं होतं. ती डॉक्टरीण होऊ घातलेली मुलगी डब्याकडे बघतच राहिली. चार वर्षं फार्मॅकॉलॉजी, मेडिसिन, फॉरेन्सिक सगळं वाचून बाहेर पडणारे आमचे कित्येक डॉक्टर हा डबा कधी हातात घेत नाहीत, त्यांच्यापर्यंत पेशंट येतो तो डबा घरी टाकून. नातेवाईक सांगतात 'औषध पोटात गेलं' किंवा 'फवारणी लागली' आणि डॉक्टर अंदाज बांधतो.

मग आमच्या नर्सिंगच्या पोरीनं विचारलं की फवारणीचे कपडे धुतं कोण. बायको म्हणाली मीच, सगळ्यांच्याच सोबत. लेकराची झबली पण त्यातच. आणि असे रिकामे डबे नंतर कशाला वापरता, तर म्हणे एकात रॉकेल ठेवायचो, आता डिझेल ठेवतो, आणि एक धुऊन संडासला पाणी न्यायला घेतलाय. एमएसडब्ल्यूच्या मुलानं सगळ्यात शेवटी एकच प्रश्न विचारला, शेत तुमचं आहे का. नव्हतं. तो मजुरीवर फवारायला जायचा आणि मजुरी दिवसावर नाही, पंपावर मिळायची. जितके पंप जास्त तितके पैसे. आता सांगा, ऊन-दमट हवेत तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून, वारा कुठनं येतोय बघत थांबत थांबत कोण फवारील? त्याला कितीही आरोग्यशिक्षण द्या, पंपामागे पैसे आहेत तोवर तो पळतच फवारणार.

चार प्रश्न होते आणि चौघांपैकी कोणालाही चारही सुचले नसते, मलाही नसते. माझा दीर कृषी सेवा केंद्र चालवतो म्हणून त्या चौकोनाचे रंग मला माहीत, नाहीतर तेही नाही. त्या दिवशी टोळीनं ठरवलेलं काम अगदी साधं होतं. त्याला आरोग्य केंद्रात पाठवलं, सोबत डबा न्यायला लावला, आणि गावातल्या बाकीच्यांना एवढंच सांगितलं की दवाखान्यात जाताना डबा न्या, नाहीतर लेबलचा फोटो तरी मोबाईलमध्ये काढून न्या. कुठल्याच अभ्यासक्रमात ही ओळ मला अजून छापलेली दिसलेली नाही.

२०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले तेव्हा जी चर्चा झाली त्यातही हेच होतं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली, माणूस वर तोंड करून फवारतोय, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, पंप जोराचे. झाडाची उंची हे विषबाधेचं कारण असू शकतं हे ओपीडीत बसून कळायचं कसं? त्यासाठी बांधावर उभा राहिलेला माणूस लागतो, आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असं काही नाही.

आता बर्ड फ्लूचं सांगते, कारण ते तर आपल्याच घरचं आहे. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आणि कुठं, तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. सुरत-धुळे हायवेवरचं गाव, गुजरातच्या हद्दीला लागून, पोल्ट्रीचा मोठा धंदा. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, एच-५-एन-१ निघाला, आणि मग तीन किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायचं काम सुरू झालं, लाखोंच्या घरात. टीव्हीवर ती पांढऱ्या सूटमधली माणसं सगळ्या देशानं बघितली. पशुवैद्यकीय खात्याचे लोक कोंबड्या मारून पुरत होते, आरोग्य खात्याचे लोक घरोघरी ताप आलेली माणसं शोधत होते, त्यांचे नमुने पुण्याला एनआयव्हीकडे, म्हणजे विषाणूंच्या राष्ट्रीय संस्थेकडे, जात होते. माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही, नशीब. पण विचार करा, कोंबडी मारणारा आणि ताप शोधणारा यांनी त्याआधी आयुष्यात कधी एका वर्गात बसून एक तास तरी एकत्र काढला होता का? कोंबडी कशी दगावली, कुठल्या शेडमधल्या मजुराचा तिच्याशी संबंध आला, तो मजूर रात्री कुठल्या पाड्यावर झोपायला जातो, हे एकाच साखळीतलं आहे, पण त्यातला निम्मा भाग पशुसंवर्धनाच्या फाईलमध्ये आणि निम्मा आरोग्याच्या. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला. मी हे वर्गात सांगते तेव्हा पोरींना आश्चर्य वाटतं की देशातली पहिली केस इथली. आपल्याच जिल्ह्यांचा इतिहास आपल्याच पोरांना माहीत नाही, परदेशातल्या साथींच्या तारखा मात्र पाठ.

पुढं २०२२ च्या ऑगस्टात जनावरांच्या लम्पीची साथ आली, त्या साथीतली राज्यातली सुरुवातीची जनावरं जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातली. लम्पी माणसाला होत नाही. पण तेव्हा दूध प्यायचं की नाही यावरनं घराघरात वाद झाले, आमच्या गल्लीत तर एका बाईनं महिनाभर पिशवीचं दूध घेतलं आणि पिशवीतलं दूध कुठल्या गायीचं येतं हे तिला विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. लोक विचारायला कोणाकडे आले? आशाताईकडे, नर्सकडे, फॅमिली डॉक्टरकडे. आणि उत्तर होतं जनावरांच्या डॉक्टरकडे. मी आमच्या ओळखीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावलं पोरींशी बोलायला, तर ते म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं नोकरी केली, नर्सिंग कॉलेजनं पहिल्यांदाच बोलावलं." दोन तास बोलले. दूध उकळण्यापासून पिसाळलेल्या कुत्र्यापर्यंत, गाभण जनावर गाभडलं तर त्याला उघड्या हातानं का हात लावू नये इथपर्यंत. पोरी वह्या भरभरून लिहीत होत्या. त्यातल्या अर्ध्या पोरींच्या घरी गोठे आहेत, पण आजवर गोठा हा त्यांच्या अभ्यासाचा विषयच नव्हता.

सातपुड्यात गेलं की हे सगळं अजून गुंतागुंतीचं होतं. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, तोरणमाळ. आजही तिथं काही पाड्यांवरनं बाळंतीण बांबूच्या झोळीत खाली आणावी लागते, नर्मदेच्या काठच्या गावांना तरंगता दवाखाना जातो. भिल, पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त, म्हणजे आईबापाकडनं येणारा, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा रक्ताचा आजार. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचं उद्दिष्ट. (१ जुलै हीच नंदुरबार जिल्ह्याची जन्मतारीख, १९९८ ची. आणि डॉक्टर्स डे पण त्याच दिवशी. योगायोग, दुसरं काय.)

तिकडच्या एका पाड्यावर तपासणी बघायला मी पोरींना घेऊन गेले होते. डीएमएलटीचा, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारा, एक पोरगा सोल्युबिलिटी टेस्ट करत होता. बोटातनं थेंबभर रक्त, नळीतल्या द्रावणात टाकायचं, थोडा वेळ थांबायचं आणि नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. हात इतका बसलेला त्याचा की बघत राहावं. एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीची नळी गढूळ झाली. तो तिथंच, सगळ्या आयाबाया कोंडाळं करून उभ्या असताना, मोठ्यानं म्हणाला, "ही पॉझिटिव्ह." पुढं काही बोलणार तेवढ्यात आमच्यासोबतची एमएसडब्ल्यूची मुलगी मध्ये घुसली, नळी त्याच्या हातातनं जवळजवळ काढूनच घेतली आणि म्हणाली, "दादा, नंबर लिही, नाव नको. आणि पुढचं मी बोलते." मुलीला बाजूला नेलं, आशाताईला घेतलं, कारण पावरी आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती, अहिराणी तिथं चालत नाही.

पोरगा फुगला. मला म्हणाला, मॅडम मी चुकीचं काय बोललो, पॉझिटिव्हच आहे. टेस्टच्या हिशेबानं चूक नव्हतंच. पण ही टेस्ट फक्त एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन आहे, मुलगी नुसती वाहक आहे की आजारी ते पुढच्या तपासणीत, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीत कळतं. वाहक असेल तर ती तुमच्या-माझ्यासारखीच धडधाकट. फक्त नवराही वाहक असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता की मूल आजारी निघेल. आणि हे सगळं कळायच्या आतच पाड्यात तिचं नाव झालं तर लग्नाचं काय होणार, हे त्या एमएसडब्ल्यूच्या मुलीला कळलं कारण तिचा अभ्यासच तो. गंमत म्हणजे संध्याकाळी शेवभाजी खाताना तोच पोरगा तिला रेघांच्या कागदाचं सगळं शास्त्र समजावून सांगत होता आणि ती विचारत होती की मग वाहकाला लोहाच्या गोळ्या चालतात का, आजाऱ्याला का बघून द्यायच्या. आजाऱ्याच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात, त्यामुळे तो फिकट दिसतो, पण त्याच्या अंगात लोह कमी असेलच असं नाही. फिकट डोळा दिसला की लोहाची गोळी, हे आमच्या सगळ्यांच्या हाताला बसलेलं आहे. लॅबवाल्याशी बोलल्याशिवाय ते सुटत नाही.

बरं, निदान झालं, हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू झालं, त्यासाठी मधूनमधून रक्त तपासायचं ठरलं. दिवाळीनंतर पेशंट गायब. कुठं गेला? ऊसतोडीला, गुजरातेत, आख्खं घर घेऊन, थेट होळीच्या सुमाराला परत. सिकलसेलवाल्याला जे टाळायला सांगतात, थंडी, अतिश्रम, अंगातलं पाणी कमी होणं, ते सगळं उसाच्या फडात एकाच ठिकाणी. रजिस्टरला शेरा पडतो 'गैरहजर'. मुकादम कोण, कुठल्या कारखान्याला गेले, तिथं जवळ दवाखाना कुठला, औषध पाच महिन्यांचं सोबत देता येईल का आणि द्यावं का, हा औषधशास्त्राचा प्रश्न आहे, मजुरीचा आहे, दोन राज्यांच्या कारभाराचा पण आहे. डॉक्टरला एकट्याला सोडवता येणार नाही आणि त्यानं तो एकट्यानं सोडवावा अशी अपेक्षाही करू नये. आम्ही अपेक्षा करतो आणि मग तो बदली मागतो.

मधे एक सांगायचं राहिलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती तेव्हा नंदुरबारचं नाव सगळीकडे घेतलं गेलं, कारण तिथं ऑक्सिजनचे प्लांट आधीच उभे केले होते. तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल समाजातनं आलेले, स्वतः एमबीबीएस. एकाच डोक्यात डॉक्टर पण आणि प्रशासन पण, आणि वर मुलूख पायाखालचा. तिथंच 'ऑक्सिजन नर्स' ही कल्पना निघाली, म्हणजे गळती, वाया जाणारा प्रवाह, कोणाला किती लागतोय यावर लक्ष ठेवायला नेमलेली नर्स. प्लांट इंजिनिअरनं उभारायचा, पण नळी कुठं सैल झालीय ते रात्री तीनला वॉर्डात असलेल्या नर्सलाच दिसणार ना. अशी माणसं नशिबानं मिळतात, कॉलेजातनं घडवून बाहेर काढायची म्हटली की अडचणी सुरू होतात.

त्या अडचणी काही तत्त्वाच्या नाहीत. एमबीबीएस, आयुर्वेद, बीएस्सी नर्सिंग, फिजिओ हे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. एमएसडब्ल्यू जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाखाली. धुळ्याचं कृषी कॉलेज राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली. पशुवैद्यक नागपूरला. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, बोर्ड मुंबईत. प्रत्येकाचं परीक्षेचं वेळापत्रक वेगळं, सुट्ट्या वेगळ्या, लॉगबुक वेगळं. आम्ही चौघं-पाचजण तारीख ठरवायला बसलो की कोणाची तरी प्रॅक्टिकल परीक्षा असतेच. एका बैठकीत मला विचारलं गेलं की याला मार्क किती आहेत. शून्य, म्हटलं. मग विद्यार्थी कशाला येतील? खरंय, आणि ही मार्कांची सवय आपणच त्यांना लावलीय.

आणि हे दुखणं जुनं आहे. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीनं १९४६ साली लिहून ठेवलंय की डॉक्टर हा सामाजिक डॉक्टर असला पाहिजे, त्यासाठी प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण द्या. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनं पुन्हा तेच सांगितलं, वैद्यकीय शिक्षण गावाकडे वळवा. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं जगभराचं चित्र मांडलं आणि प्रत्येक व्यवसाय आपापल्या कोठीत बंद आहे असं म्हटलं. दरम्यान जळगावला २०१८ ला आणि नंदुरबारला २०२० ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, फार चांगलं झालं, आता आपली पोरं आपल्याच भागात शिकतायत. पण कॉलेज आलं म्हणजे कोठ्या आपोआप उघडत नाहीत.

आमच्यातलेच एक सिनियर सर याला सरळ विरोध करतात आणि त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. ते म्हणतात, आधी आपला विषय तरी नीट येऊ दे पोरांना, इंजेक्शन धड देता येत नाही आणि निघाले कीटकनाशकाचे डबे वाचायला. सगळ्यातलं थोडंथोडं आणि कशातलंच धड नाही अशी पिढी कराल. खरं सांगायचं तर ही भीती मलाही आहे. पण मी बघितलंय ते उलटंच. त्या ओसरीत आमच्या नर्सिंगच्या पोरीनं बॅग उघडली तेव्हा आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बॅग ठेवली, साबण आणि टॉवेल तेवढा काढला, हात धुतले, आणि मगच बॅगेतलं बाकीचं सामान काढलं, निघताना तोच क्रम उलटा. आम्ही पहिल्या वर्षापासून हे बॅग टेक्निक घोटून घेतो आणि पोरी त्याला कंटाळतात. पण त्या दिवशी एमबीबीएसची मुलगी म्हणाली, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही, पुन्हा एकदा करून दाखव. आमच्या पोरीनं इतक्या झोकात करून दाखवलं की काय सांगू. दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की आपला विषय जास्त पक्का होतो, कच्चा नाही.

मात्र एक गोष्ट मला खटकत राहते. आमच्या पोरी त्यांच्याच वयाच्या, कधीकधी त्यांच्याहून लहान एमबीबीएसच्या पोरांना 'सर' म्हणतात. पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा. ती पोरं 'सिस्टर' म्हणतात. घरात दोनच खुर्च्या असल्या तर कोण बसणार हे न बोलता ठरलेलं असतं. ॲप्रन गाडीत ठेवून हे जात नाही. एका टोळीत मी मुद्दाम आमच्या पोरीला प्रमुख केलं आणि लिहून घ्यायचं काम मेडिकलच्या पोराकडे दिलं, तर पहिला तासभर तो पोरगा अस्वस्थ आणि ही त्याच्याहून अस्वस्थ. आणि या सगळ्या उतरंडीत आशाताई कुठं, तर दाराबाहेर चपलांपाशी, जिला त्या घरातल्या तीन पिढ्यांची दुखणी तोंडपाठ आहेत. पोरांना मी सांगते, पहिला प्रश्न तिला विचारा आणि तिला बसायला जागा करा, मग वही उघडा.

हल्ली याचा गवगवा पण व्हायला लागलाय, ते वेगळंच दुखणं. आंतरविद्याशाखीय हा शब्द आला की एकदिवसीय कार्यशाळा ठरते, फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, दीपप्रज्वलनात पाऊण तास जातो, दुपारी जेवण चांगलं असतं हे मान्य, आणि चार कॉलेजांची पोरं चार कोपऱ्यांत आपापल्या घोळक्यात बसून सर्टिफिकेट घेऊन घरी जातात. अशा कार्यक्रमाला मी आता जातच नाही, तेवढ्या पैशात दोन गाड्यांचं डिझेल निघतं.

यंदा आम्ही चार वेगवेगळ्या सर्वेक्षणांचा मिळून एकच फॉर्म केलाय. भांडण बरंच झालं. कृषीवाल्यांना जमिनीचा प्रकार हवा, आम्हाला लसीकरण, मेडिकलला बीपी-शुगर, एमएसडब्ल्यूला स्थलांतर. शेवटी समान प्रश्न पहिल्या पानावर एकदाच आणि मागच्या पानावर आपापलं. फवारणीचे दोन प्रश्न मी हट्टानं घातले, डब्याचा रंग आणि मजुरी दिवसावर की पंपावर. फॉर्म गावातच ठेवायचा, आशाताईकडे, पुढच्या टोळीनं तिथनं पुढं लिहायचं, पुन्हा पहिल्यापासनं विचारायचं नाही.

आशाताईनं फॉर्म बघितला, बरा आहे म्हणाली, आणि एक अट घातली. दिवसा येऊ नका, माणसं शेतात असतात, घरात म्हातारी आणि लेकरंच सापडतात, फवारणारा सापडत नाही. संध्याकाळी सातनंतर या. आता पोरींच्या हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद होतं, मेडिकलच्या पोरांना रात्रीची परवानगी डीन ऑफिसातनं लागते, आणि कॉलेजची गाडी सहानंतर बाहेर काढायची तर ड्रायव्हरचा ओव्हरटाइम कुठल्या हेडखाली टाकायचा हे क्लार्कला माहीत नाही. कृषिदूतांचं बरंय, ते गावातच राहतात. पहिली फेरी बहुतेक त्यांच्यावर आणि आशाताईवरच सोडावी लागणार, आणि आम्ही शनिवारी आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ, तेव्हा निदान मजूर लवकर घरी येतात म्हणे.